टाकीतला पाचवा लिटर

चांद्यापासून बांद्यापर्यंत कुठल्याही पंपावर मोटारसायकलमध्ये पाच लिटर पेट्रोल भरा, त्यातला साधारण एक लिटर आता पेट्रोल नसतो. तो इथेनॉलचा असतो. उसाच्या रसातून, मळीतून, मक्यातून किंवा तांदळातून काढलेला. दारूतला मद्यार्क तो हाच, फक्त त्यातलं पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकलेलं असतं. हे पाणी काढण्याचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महाराष्ट्राला हे मिश्रण नवं नाही. २००१ साली देशात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळच्या आंवल्याला. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांचं मिश्रण सुरू झालं आणि मग कधी ऊस कमी, कधी दर पटेनात, अशा रडकथेत बरीच वर्षं गेली. दहा टक्क्यांचा टप्पा गाठायला २०२२ चा जून उजाडला. त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूला वीस टक्केवाल्या पेट्रोलची, म्हणजे ई२० ची सुरुवात झाली. २०३० चं उद्दिष्ट आधीच अलीकडे ओढून २०२५ वर आणलेलं होतं, आणि २०२५ मध्ये ते गाठलंही. पाचावरून दहावर यायला जवळपास वीस वर्षं आणि दहावरून वीसवर यायला तीन. या पेट्रोलबद्दल लोकांच्या मनात जी शंका आहे, तिचं मूळ बऱ्याच अंशी या वेगात आहे.

शंका असायला हरकत नाही, पण गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर जी चर्चा चालते तिच्यात सगळं एकत्र कालवलेलं असतं. ॲव्हरेज कमी झालं, इथेनॉल. गाडी सकाळी किकला दमवते, इथेनॉल. टाकी गंजली, कार्ब्युरेटरमधून, म्हणजे कार्बमधून पेट्रोल टपकतं, प्लग पांढरा पडतो, सगळ्याला एकच उत्तर. दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात की काहीच होत नाही. खरं तर यात प्रश्न वेगवेगळे आहेत: हे इंधन जळतं कसं, ज्या रबराला आणि धातूला ते लागतं त्याचं काय होतं, आणि त्याचं पाण्याशी काय नातं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी जळण्याचं बघू, कारण ॲव्हरेजचा जीव तिथे अडकलेला असतो.

एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉलमधून २१. म्हणजे एक तृतीयांश कमी. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, त्यामुळे जळण्याचा काही भाग उरकल्यासारखाच असतो. आता वीस टक्क्यांचा हिशेब करा. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी, आणि आपण आधी जे दहा टक्केवालं वापरत होतो त्याच्या तुलनेत साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा काढला, त्यातही दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरली होती. पन्नासचं ॲव्हरेज देणारी गाडी अठ्ठेचाळीस देईल. कुणाची गाडी पन्नासवरून चाळीसवर आली असेल तर त्यातला दोनाचा हिशेब इथेनॉलच्या नावावर मांडावा. उरलेल्या आठांचा शोध टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, चेन, एअर फिल्टर आणि गळका कार्ब इथे घ्यावा.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, मोठा असतो, त्यामुळे आपल्याकडचं ९१ चं पेट्रोल मिश्रणानंतर ९५ च्या आसपास जातं. ऐकायला छान वाटतं. पण वाढीव ऑक्टेनचा फायदा घ्यायला इंजिनचं कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ते आपोआप जमत नाही. तिच्यासाठी हा अंक म्हणजे पंपावरच्या फलकावरचा आकडा.

ऊर्जेपेक्षा महत्त्वाची गोष्ट हवेची आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त नऊ किलो पुरते. ई२० ला साडेतेरा किलोच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळायचं साधन नाही. त्याच्या पितळी जेटला एक बारीक भोक असतं, त्यातून जेवढं इंधन ओढलं जाईल तेवढं जातं. इंधन बदललं, भोक तेच. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बरोबर बसवलेला कार्ब ई२० वर सुमारे आठ टक्के जास्त हवा देतो. मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ होतं.

लीन म्हणजे गाडी बंद पडते असं नाही. कंपन्या कार्ब थोडा रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूलाच ठेवत असत, त्यामुळे बऱ्याच गाड्या हा बदल पचवतात. ज्या पचवत नाहीत त्यांची लक्षणं ठरलेली: थंड इंजिन चोकशिवाय उठत नाही, थ्रॉटल झटकन दिल्यावर गाडी एक क्षण घुटमळते, उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. प्लगचं टोक पांढुरकं दिसतं. यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. जाणत्या मेस्त्रीने पायलट स्क्रू जरासा फिरवला, किंवा फारच गरज असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकला, की काम होतं. पण हे प्लग बघून करायचं काम आहे. ऐकीव माहितीवर नाही.

इथे एक जागा अशी आहे जिथे तर्क उलटा चालतो. इथेनॉल एकटं असताना त्याची पेट्रोलपेक्षा कमी वाफ होते. पण थोडं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ होण्याची वृत्ती उलट वाढते, आणि ती वाढ पाच-दहा टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त असते. म्हणून मे महिन्यात विदर्भात, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापल्यावर, जुन्या कार्बच्या गाडीत नळीत वाफ अडकून ती बंद पडली तर आश्चर्य नाही. दहा मिनिटं सावलीत उभी करा, सुरू होते. तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला मात्र दुसऱ्या कारणाने रुसते, कारण इथेनॉलला द्रवाची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ गाड्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांत कार्ब गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. इथेनॉल किती टक्के आहे हे त्याला कुणी सांगत नाही, पण परिणाम बघून तो सुधारणा करतो. थंड इंजिन आणि पूर्ण थ्रॉटल या दोन वेळी मात्र तो सेन्सरचं न ऐकता आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. जळण्याच्या बाबतीत इंजेक्शनची गाडी सुरक्षित आहे, असं मी निःसंकोच म्हणेन. ती रबराच्या आणि पाण्याच्या बाबतीत सुरक्षित आहे का, हा वेगळा प्रश्न.

तर आता रबर. टाकीपासून इंजिनपर्यंत इंधनाला ठिकठिकाणी रबर भेटतं: झाकणाचं गास्केट, कॉकचा वायसर, नळी, कार्बच्या बाउलचा, म्हणजे इंधन साठवणाऱ्या खालच्या वाटीचा ओ-रिंग, फ्लोटच्या नीडलचं टोक, काही कार्बमधला डायफ्रॅम. जुन्या गाड्यांत यातलं बरंचसं नायट्राइल रबर असतं. पेट्रोलमधले घटक आणि इथेनॉल दोघं मिळून हे रबर जितकं फुगवतात, तितकं त्यातला कुणीही एकटा फुगवत नाही. फुगलेला ओ-रिंग खाचेत बसत नाही, नीडलचं टोक नीट बंद होत नाही आणि बाउल ओव्हरफ्लो होतो. गाडी महिनाभर उभी राहून हेच रबर सुकलं की उलटं होतं. त्यातला मऊपणा देणारा घटक इंधनाने धुऊन नेलेला असतो, म्हणून ते आकसतं, कडक होतं, भेगा पडतात. फ्लुरोकार्बन जातीच्या रबराला हा त्रास जवळजवळ नाही. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांत ई२० सोसणारं साहित्य वापरण्याची तरतूद झाली. २०२० ते २०२३ मधल्या गाड्यांबद्दल सरसकट काही सांगता येत नाही, कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे फरक आहे. गाडीचं मॅन्युअल आणि टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर हे दोनच खरे साक्षीदार.

ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर या विषयाचा धुरळा उडाला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच सांगितलं होतं की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त असतात. ते स्वस्त असतात हे खरं. पण महाराष्ट्रात लाखो लोक पंधरा वर्षांची गाडी चालवतात, आणि त्यांना हा खर्च आपल्या वाट्याला येणार आहे हे पंपावर कुणी सांगितलं नाही. तक्रार पैशांपेक्षा या न सांगण्याची आहे, आणि ती रास्त आहे असं मला वाटतं.

धातूंकडे वळू. पेट्रोल विजेला जवळजवळ वाहू देत नाही. इथेनॉल, विशेषतः त्यात थोडं पाणी आणि क्षार मिसळले की, वाहू देतं. कार्बची बॉडी जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, जेट पितळेचे. दोन वेगळे धातू, मध्ये वीज वाहून नेणारा द्रव. एक दुबळी बॅटरी तयार होते आणि जस्त-ॲल्युमिनियम हळूहळू झिजतं. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीचा कार्ब टेबलावर उघडला की हे डोळ्यांनी दिसतं. बाउलचे चार स्क्रू काढायचे, बाउल खाली घ्यायचा. तळाशी भुरकट पांढरी खर जमलेली असते, ती झिजलेल्या धातूची. पितळेच्या बाजूला हिरवी छटा. मधोमध चिकट पिवळसर साय, जी सुकलेल्या पेट्रोलची असते आणि शुद्ध पेट्रोलच्या काळातही असायचीच. आता पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. अर्ध्या मिलिमीटरहून लहान भोक. त्यातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा, दिसत नाही. गाडी आयडलिंगला का मरते याचं उत्तर त्या न दिसणाऱ्या ठिपक्यात असतं. जेट तारेने खुपसू नका. भोक वाढलं की नवा जेट आणावा लागतो. कार्ब क्लीनर फवारा आणि हवेचा झोत, बस्स.

जुन्या टाकीच्या बाबतीत आणखी एक गंमत. इथेनॉल हा चांगला विरघळवणारा पदार्थ आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला धरून बसलेली साय आणि गंजाचा भुगा तो सुटा करतो, आणि तो सगळा कचरा एकदम फिल्टरकडे धावतो. ई२० वर गेल्यानंतर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर चोंदला तर दोष नव्या इंधनाचा कमी आणि आधीच्या घाणीचा जास्त. ज्यांनी जुन्या गाडीच्या टाकीला आतून रेझिनचा लेप लावून घेतला आहे त्यांनी मात्र खरोखर सावध राहावं, कारण काही लेप इथेनॉलमध्ये सुटून येतात.

आता पाण्याकडे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कितीही वेळा ऊर्ध्वपातन केलं तरी इथेनॉल साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अडकतं. उरलेलं पाणी त्याच्याबरोबरच उकळून वर येतं. ते काढायला झिओलाइटचे बारीक खडे भरलेल्या टाकीतून वाफ नेतात. त्या खड्यांची छिद्रं पाण्याच्या रेणूला आत घेतात, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो. असं करून ९९.५ टक्क्यांच्या वर नेलं की ते पेट्रोलमध्ये मिसळायच्या लायकीचं होतं. इतक्या खटपटीने काढलेलं पाणी परत मिळवायची संधी इथेनॉल सोडत नाही.

हे बघायचं असेल तर एक प्रयोग आहे. उघड्यावर, आगीपासून लांब करा. शंभर मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र घ्या. वीसच्या रेषेपर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. खालचा थर वीसवर राहत नाही, पस्तिशीच्या आसपास चढतो. पेट्रोलमधलं सोळा मिलिलिटर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेलेलं असतं. पाणी आणि इथेनॉल मिसळताना थोडे आकसतात म्हणून बरोबर छत्तीस येत नाही. आपण कितीचं मिश्रण विकत घेतलं याचा ढोबळ अंदाजही यातून येतो. दहा टक्केवालं असतं तर रेषा सत्तावीस-अठ्ठावीसवर थांबली असती.

टाकीत हेच घडलं की त्याला थर सुटणं म्हणतात. दहा टक्के मिश्रण सुमारे अर्धा टक्का पाणी मुकाट्याने पोटात ठेवतं, वीस टक्केवालं त्याहून जास्त. तोपर्यंत काही बिघडत नाही. थोडंसं पाणी इंधनाबरोबर इंजिनातून निघून जातं, जे शुद्ध पेट्रोलमध्ये तळाशी साचून गंज धरायचं. पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. तळाचा थर धड जळत नाही, आणि इंजिनला इंधन मिळतं ते तळातूनच. इंजेक्शनच्या गाडीत तर पंप त्या थरातच बसलेला असतो.

हवेतल्या दमटपणामुळे टाकीत पाणी भरतं असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून बघा. तीस अंशांना दहा लिटर पूर्ण दमट हवेत पाणी असतं जेमतेम ०.३ ग्रॅम. दहा लिटर मिश्रणाचे थर सुटायला किमान पन्नास ग्रॅम तरी हवं. नुसत्या हवेने टाकी भरायला फार काळ जावा लागेल. बाउलची गोष्ट वेगळी: तिथे जेमतेम काही चमचे इंधन असतं आणि ते हवेला सतत उघडं असतं. म्हणून उभ्या गाडीचा कार्ब टाकीच्या आधी बिघडतो.

टाकीत पाणी येतं ते पावसातून आणि धुण्याच्या पाइपातून. बऱ्याच मोटारसायकलींच्या झाकणाभोवती एक खळगा असतो, त्यात साचलेलं पाणी बाहेर नेणारं लहान भोक असतं आणि त्याला टाकीच्या पोटातून खाली जाणारी बारीक नळी. धुळीने ते भोक बुजलं की कोकणातल्या एका जुलैच्या सरीत झाकणाभोवती तळं साचतं, आणि सुकलेल्या गास्केटमधून थेंब थेंब आत झिरपतं. गाडी बाहेर पावसात उभी राहते आणि आठवड्याने ‘पेट्रोलमध्ये भेसळ’ म्हणून पंपाच्या नावाने शंख होतो. पंपावरही पाणी शिरू शकतं, म्हणून तिथे मोजपट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी तपासतात. पण आधी आपलं झाकण बघावं.

एवढ्या सगळ्यातून माझं मत असं झालं आहे की ई२० मोटारसायकलला मारत नाही, पण उभं राहणं तिला पूर्वीपेक्षा जास्त महागात पडतं. रोज चालणाऱ्या गाडीत इंधन बदलत राहतं, रबर ओलं राहतं, जेट वाहता राहतो. खरा त्रास होतो तो गावी वडिलांकडे ठेवलेल्या, मुंबईहून गणपतीला आणि होळीला गेल्यावरच बाहेर निघणाऱ्या गाडीला.

अशी गाडी ठेवून जाणार असाल तर कार्बवाल्या गाडीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले थेंब एका बाटलीत काढा. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरून ठेवा. इंजेक्शनच्या गाडीला बाउल नसतो, तिला दोन आठवड्यांनी कुणाकडून तरी दहा मिनिटं फिरवून आणायला सांगा, आणि रिझर्व्हवर कधीच उभी करू नका. पावसाळ्याच्या आधी झाकणाच्या खळग्यातलं भोक बारीक तारेने मोकळं करून वरून चमचाभर पाणी ओता. ते गाडीखाली जमिनीवर पडताना दिसलं पाहिजे. आणि गाडी २०२३ च्या आधीची असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाची नळी, बाउलचा ओ-रिंग आणि झाकणाचं गास्केट इथेनॉलला चालणारं टाकायला मेस्त्रीला स्पष्ट सांगा. जुनी नळी हातात घेऊन वाकवून बघा. बाहेरून भेगा दिसल्या तर ती बदलायला आधीच उशीर झालेला आहे.